सुटकेनंतरचा पावसाळा

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या अध्यक्षांना, खजिनदारांना आणि पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला,



मी एकतीस वर्षं रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत शिकवलं. आता निवृत्त झाले आहे आणि कल्याणला राहते. माझे वडील आमच्या चाळीच्या मंडळाचे खजिनदार होते. आषाढ सरत आला की घरातल्या लोखंडी पेटीतून पावतीपुस्तकं बाहेर निघायची, कार्बनचे कागद मोजले जायचे. पाच रुपये देणाऱ्याची पावतीसुद्धा शंभर देणाऱ्याइतक्याच नेटक्या अक्षरात लिहायची, असा वडिलांचा दंडक होता. दारोदार जाऊन, न लाजता, हक्कानं पैसे मागणं आणि मग त्याचा हिशेब फळ्यावर लावणं ही विद्या आपल्याकडे तुमच्याइतकी कोणालाच येत नाही. म्हणून आज तुमच्याकडे मागायला आले आहे.

मागते आहे ती कातकऱ्यांच्या मुलांसाठी. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, मेंढरांमागे राबवल्या जाणाऱ्या मुलांसाठी.

२०२२ चा सप्टेंबर आठवा. दोन वर्षांच्या करोनानंतर निर्बंध उठले होते, राज्यभर दणक्यात गणपती बसले होते. त्या महिन्याच्या सुरुवातीला इगतपुरी तालुक्यातली एक दहा-अकरा वर्षांची कातकरी मुलगी नाशिकच्या रुग्णालयात मरण पावली. तिला काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका मेंढपाळाकडे कामाला दिलं होतं. बदल्यात घरच्यांच्या हाती पडले होते थोडे रुपये आणि एक मेंढी. पोर मरणाच्या दारात पोचली तेव्हा तिला रात्रीतून घराशी आणून टाकलं गेलं. तिच्या मृत्यूनंतर चौकशी सुरू झाली आणि त्याच पट्ट्यातली आणखी मुलं एकामागून एक सापडत गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं दखल घेतली, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. "मेंढीच्या बदल्यात मूल" हे शब्द त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी होते. विसर्जन झालं, पितृपक्ष लागला आणि ते शब्द मागे पडले.

त्या दिवसांत ओळखीच्या कितीतरी भल्या माणसांनी मला फोन केले. सगळ्यांचं म्हणणं एकच: "बाई, आपण पैसे गोळा करू आणि ती मुलं सोडवून आणू." हे पत्र त्या वाक्यासाठी लिहिते आहे. कारण ते वाक्य मी स्वतः एकदा खरं करून पाहिलं आहे, आणि त्याचा पश्चात्ताप अजून गेलेला नाही.

नव्वदचं दशक होतं. माझ्या चौथीच्या वर्गात एक कातकरी मुलगा होता. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीची सुट्टी संपली आणि तो आला नाही. यात नवल नव्हतं. दिवाळीनंतर माझ्या हजेरीपटावर कातकरवाडीच्या नावांपुढे गैरहजेरीच्या फुल्या लागायच्या त्या थेट मे महिन्यापर्यंत. पण या मुलासाठी जीव तुटला. वाडीत विचारलं तर म्हातारी म्हणाली, "भट्टीवर गेलंय समदं. अंगावर पैसं हाईत ना."

आम्ही तीन शिक्षक रविवारी भट्टीवर गेलो. मुलगा उन्हात ओणवा होऊन ओल्या विटा उलटत होता. मालक सभ्य होता. त्यानं चहा पाजला, वही उघडली आणि बोट ठेवलं: बापाच्या नावावर अकरा हजार. "तेवढे द्या, आत्ता घेऊन जा सगळ्यांना." आम्ही दोन पगारांतून, पतपेढीतून, नातेवाइकांकडून पैसे जमवले. अकरा हजार मोजून दिले. एसटीच्या मागच्या बाकावर ते कुटुंब बसलं होतं, मांडीवर गाठोडी होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी केलं.

मुलगा मार्चपर्यंत शाळेत आला. मग जून उजाडला. वाडीत खायला काही नव्हतं, कारण भट्टीवरची आठवड्याची खर्ची बंद झाली होती आणि पावसात दुसरं काम नव्हतं. श्रावणात बापानं पुन्हा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. दिवाळीनंतर तो मुलगा गेला, या खेपेस सातवीतल्या बहिणीसकट. पुढची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी आहे. मालकानं आमच्याच अकरा हजारांतून शेजारच्या वाडीतल्या दोन घरांना नवी उचल वाटली होती. आम्ही एक मूल सोडवायला गेलो आणि आणखी दोन घरं बांधून आलो.

पुढे एका संघटनेच्या कार्यकर्त्यानं मला शांतपणे सांगितलं, "बाई, ते पैसे कोणी कोणाला देणं लागतच नव्हतं." वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ सालचा आहे. आधीचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ चा. त्या कायद्यानं वेठीला बांधणारं प्रत्येक कर्ज त्या क्षणी संपलं. ते वसूल करता येत नाही, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, आणि ते फेडून घेणं हाच गुन्हा आहे. कायद्यानं मेलेलं कर्ज आम्ही तीन शिकल्यासवरल्या माणसांनी अकरा हजार रुपये मोजून जिवंत केलं होतं.

तेव्हा माझी पहिली विनंती ही: वर्गणीतला एक रुपयाही मूल "सोडवण्यासाठी" मालकाच्या हातात जाऊ देऊ नका. मध्यस्थाच्या नाही, मुकादमाच्या नाही. समोर मूल रडत असतं, मालक म्हणतो एवढे द्या आणि न्या, अशा वेळी खिशाला हात जातोच, हे मला ठाऊक आहे. तो आवरायचा. त्याच वेळी तहसीलदाराला फोन करायचा, पोलिसांना करायचा, १०९८ ला करायचा. मुलांच्या मदतीचा हा क्रमांक १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाला. मुक्तता करणं हे शासनाचं काम आहे. उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार जबाब घेतात, मुक्ततेचा दाखला देतात, मालकावर गुन्हा नोंदवतात. त्यासाठी देणगी लागत नाही. लागतो तो आग्रह.

मग पैसे कशाला हवेत? ते सांगण्याआधी ही गाठ बसते कशी ते थोडं सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी भट्टी लांबूनच पाहिली असेल, रेल्वेच्या खिडकीतून.

कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक; दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार भरली. रायगड, ठाणे, पालघर, नाशिक, पुणे, रत्नागिरी या जिल्ह्यांत ते विखुरलेले आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल सरकारचं झालं, तो धंदा गेला, जमीन बहुतेकांना कधी नव्हतीच. कितीतरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत. वर्षाचा सगळ्यात कठीण काळ म्हणजे पावसाळा. भाताची लावणी उरकली की हाताला काम नसतं, कणगी असलीच तर रिकामी असते. आजारपण याच दिवसांत येतं. भट्टीचा शेठ किंवा त्याचा माणूस नेमका याच दिवसांत वाडीवर येतो आणि उचल देतो. ती कधी पाच हजार असते, कधी वीस. कागद नसतो, असतो तो त्याच्या वहीतला आकडा. दिवाळीनंतर ट्रक येतो आणि अख्खं घर त्यात चढतं.

भट्टीवर आठवड्याला मिळते ती खर्ची, म्हणजे मीठमिरचीपुरते पैसे. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते आणि ती जोडीची असते, नवरा-बायकोची. मुलाचं नाव कुठेच नसतं. पण हजाराचा आकडा भरायचा तर माती मळायला, विटा उलटायला, रचायला पोरांचे हात लागतातच. मजुरी नगावर असल्यानं मुलाची मेहनत त्या हजाराच्या पोटात गडप होते. तपासणीला कोणी आलं तर मालक सांगतो, "आईबापाला मदत करतंय." २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर मदतीची सूट आहे, पण भट्टी काही कातकऱ्याच्या घरचा धंदा नव्हे. पावसाळ्याच्या तोंडाशी हिशेब होतो आणि तो फिटत नाही. काही रक्कम अंगावर फिरते. ती पुढच्या वर्षाची बेडी.

आणि हे कंत्राटी कामच आहे, वेठ कुठे आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल सांगावा. आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा तो खटला होता. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, असं न्यायालयानं त्यात ठरवलं. उपाशी माणसाचा होकार हा होकार धरता येत नाही.

याच न्यायालयानं १९८४ मध्ये नीरजा चौधरी यांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या अकरा हजारांच्या चुकीचं मर्म त्यात आहे. वेठबिगार नुसता शोधून सोडवला आणि त्याचं पुनर्वसन केलं नाही, तर दारिद्र्य त्याला पुन्हा त्याच दावणीला नेऊन बांधतं. चाळीस वर्षांपूर्वी हे लिहून झालं आहे.

शासनाची पुनर्वसनाची योजना आहे आणि ती कागदावर चांगली आहे. २०१६ पासूनच्या केंद्रीय योजनेत मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपयांची तरतूद आहे. तातडीची मदत म्हणून आरंभी २० हजारांपर्यंत रक्कम होती, ती पुढे ३० हजारांपर्यंत वाढवली. यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा कायमस्वरूपी निधी ठेवायचा आहे. पण मोठी रक्कम मालकावरचा गुन्हा शाबीत होण्याशी जोडली गेली, आणि खटले कसे चालतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तातडीची मदतसुद्धा दाखला मिळाल्यावर, दाखला जबाबानंतर, आणि बँकेचं खातं नसेल तर तीही लटकते. खात्याला आधार लागतं, आधारला जन्माचा पुरावा लागतो, आणि मूल जन्मलं असतं भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या गवताच्या खोपीत.

वर्गणी लागते ती या मधल्या काळासाठी. सुटकेचा दिवस आणि सरकारी पैसा यांच्यामध्ये एक पावसाळा उभा असतो, कधी दोन.

त्या पावसाळ्यात काय काय लागतं ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. निवृत्तीनंतर मी दोन ओळखीच्या कार्यकर्त्यांबरोबर हेच काम करते. सगळ्यात आधी शिधापत्रिका. अंत्योदयाचं कार्ड असलं तर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, म्हणजे निम्मी उपासमार टळते. पण कार्ड काढायला तालुक्याला चार-पाच खेपा होतात, प्रत्येक खेपेला एका माणसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र. मग जातीचा दाखला, तो नसेल तर आश्रमशाळेत प्रवेश अडतो. धान्य आलं तरी तेल, डाळ, मीठ विकतच आणायचं. कोणाला खरूज, कोणाला क्षय, आईला पंडुरोग. मुलाला वर्गात बसवायचं तर वयानं पाचवीत आणि अक्षरओळखीनं पहिलीत असलेल्या मुलासाठी वर्षभर कोणीतरी रोज बसायला हवं. खटल्याची तारीख लागली की बापाला, आईला आणि सोबतीला एक माणूस कोर्टात न्यायचा, जेवू घालायचा, आणि समोर मालक उभा असताना त्याचा धीर सुटणार नाही हे बघायचं. त्याच आठवड्यात मालकाचा माणूस वाडीवर जाऊन दहा हजार पुढे करतो. हे मी तीनदा पाहिलं आहे. त्या क्षणी घरात आठवड्याचा शिधा असेल तर बाप नाही म्हणतो. नसेल तर साक्ष फिरते.

सगळ्यात महत्त्वाचा खर्च माणसाचा आहे. वाडीवरचीच एखादी बारावी झालेली मुलगी, तिला महिन्याचं मानधन. ती दर आठवड्याला घरोघर जाते, पोरं मोजते, कोण उचलीच्या विचारात आहे ते ओळखते. देणगीदारांना चादरी, दप्तरं, खाऊ द्यायला आवडतं, त्याचा फोटो निघतो. मानधनाला पैसे मागितले की चेहरे पडतात. तुमच्याकडे माझं मागणं मात्र सगळ्यात आधी त्या मानधनासाठी आहे.

फोटोवरून एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. या मुलांना मंडपात आणू नका. स्टेजवर उभं करून धनादेश देऊ नका, फ्लेक्सवर त्यांचा चेहरा छापू नका, मोबाइलवर चित्रफीत फिरवू नका. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नं अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. एका कार्यक्रमात एका सोडवलेल्या मुलीला "हीच ती" म्हणून माइकसमोर उभं केलेलं मी पाहिलं. ती दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेली नाही. वर्गातली मुलं तिला भट्टीवाली म्हणू लागली होती. चेहरा दाखवल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत, असं काही संस्था सांगतात. तुम्ही तर रंगकामाला, मांडवाला, ढोलताशाला कोणाचा चेहरा न दाखवता वर्गणी मिळवता. एका मुलासाठी मिळणार नाही, हे मला पटत नाही.

पैसे कोणाला द्यायचे, हा खजिनदाराचा खरा प्रश्न. तुम्ही धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढून वर्गणी गोळा करता, तेव्हा हा निधी वेगळा दाखवा, वेगळं पावतीपुस्तक ठेवा. नोंदलेल्या संस्थेला द्या आणि देण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला: तुम्ही मालकाला कधी पैसे देता का? "कधीकधी द्यावे लागतात" असं उत्तर आलं तर पुढच्या दारात जा. दुसरा: तुम्ही सोडवलेलं मूल तीन वर्षांनी कुठे आहे? किती सोडवली हा आकडा सगळे सांगतात. तीन वर्षांनंतरचं सांगणारी संस्था तुमच्या पैशाला जागेल.

अशी माणसं आपल्याकडे आहेत. डहाणू-तलासरीत १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची प्रथा (लग्नाच्या कर्जापायी पत्करावी लागणारी गुलामी) नाकारली, तीच ही भूमी. वसईत विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांना सोडवता सोडवता १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली. त्यांच्याच 'विधायक संसद' या संस्थेनं नव्वदच्या दशकात भट्टीवर भोंगाशाळा चालवल्या: मूल शाळेत येत नाही तर शाळा भोंग्यात. त्या शाळा पाहिल्यावरच माझी हजेरीपटावर फुल्या मारण्याची सवय सुटली.

तुमच्यातले काही म्हणतील, हे सगळं सरकारनं करायचं. बरोबर आहे, आणि म्हणूनच पैशांइतकीच तुमची ओळख मला हवी आहे. तुमच्या आरतीला आमदार येतात, प्रांत येतात, पोलीस निरीक्षक येतात. वेठबिगारीच्या कायद्यात जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती बसवायची आहे. आरतीचं ताट हातात देताना एवढंच विचारा: साहेब, आपल्या उपविभागाची समिती शेवटची कधी बसली? मी विचारलं तर अर्ज द्या म्हणतात. मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं तर बैठक लागते.

आणि हा प्रश्न तुमचा नाही असं समजू नका. ज्या कल्याण-डोंबिवलीत, पनवेलमध्ये, भिवंडीत तुमच्या सोसायट्या उभ्या आहेत, तिथल्या कितीतरी भिंतींची वीट याच भट्ट्यांतली आहे. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. तुम्हाला मूर्ती बसवू नका असं मी म्हणणार नाही. सजावटीतून एक कमान कमी झाली तर एका घराचा पावसाळा निघेल.

उत्सव आणि उचल यांचे दिवस एकच आहेत, एवढं ध्यानात ठेवा. तुमचा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडतो त्याच पंधरवड्यात शेठचा माणूस वही घेऊन वाडीवर चढतो.

विसर्जनानंतर मांडवाचे बांबू सुटले की तुमची हिशेबाची बैठक असते. माझे वडील त्या बैठकीला इस्त्रीचा सदरा घालून जात. यंदा तुमच्या बैठकीला मला बोलवा. मी माझी वही घेऊन येईन. तीत सध्या चौदा मुलांची नावं आहेत. ती मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही, पण प्रत्येक नावापुढे दिवाळीपर्यंत काय लागणार आहे ते दाखवीन, शेवटच्या झेरॉक्सपर्यंत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कल्याण